विश्वकिरणांची टक्कर इमल्शनमध्ये कशी उमटते आणि ती वाचायची कशी

प्रश्न असा आहे: "विश्वकिरणातला (अवकाशातून येणारा वेगवान) कण अणुकेंद्रावर आदळतो, ती टक्कर फोटोच्या इमल्शनमध्ये टिपता येते, असं पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात वाचलं. कॅमेरा नाही, लेन्स नाही, मग फोटो कशाचा निघतो? कण कोणता आणि त्याची ऊर्जा किती हे त्यावरून कसं कळतं? आमच्या कॉलेजात असं काही करता येईल का?"

मी मुंबईत स्कॅनर, म्हणजे मायक्रोस्कोपखाली प्लेटांतल्या घटना शोधणारी, म्हणून या कामाला लागले. पुढे पदव्या घेतल्या, विद्यार्थी घडवले, पण तीस वर्षांत मायक्रोस्कोपवरची खुर्ची कधी सुटली नाही. म्हणून उत्तर थोडं लांब देते.

आधी एक समजूत दुरुस्त करू. टक्कर कुठेतरी बाहेर घडते आणि इमल्शन तिचा फोटो काढतं, असं होत नाही. इमल्शन म्हणजे जिलेटिनमध्ये मिसळलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे स्फटिक, आणि टक्कर त्याच्या आतच घडते. येणारा कण अवकाशातला, पण ज्यावर तो आदळतो ते अणुकेंद्र इमल्शनमधलंच असतं: चांदीचं, ब्रोमिनचं, नाहीतर जिलेटिनमधल्या कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनचं. क्वचित एखाद्या हायड्रोजनचं. निशाणा तोच, साक्षीदार तेच आणि जबानी लिहून ठेवणारी वहीसुद्धा तीच. या पद्धतीचं सगळं बळ यात आहे, आणि तिच्या सगळ्या अडचणीही यातूनच येतात.

नेहमीच्या फिल्मवर इमल्शनचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. अणुकेंद्रीय कामासाठीचं इमल्शन ६०० मायक्रॉनपर्यंत जाड ओतलेलं असतं आणि त्याच्या वजनाचा सुमारे ८० टक्के भाग सिल्व्हर ब्रोमाइडचा असतो. त्यामुळे घनता पाण्याच्या ३.८ पटीच्या घरात जाते. काचेवर चढवलेली अशी प्लेट हातात घेतली की पहिल्यांदा तिचं वजनच जाणवतं. स्फटिक अगदी बारीक आणि एकसारखे, साधारण पाव मायक्रॉनचे. विद्युत्भार असलेला कण या स्फटिकांतून जाताना वाटेतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे करतो. ते इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या एखाद्या दोषाच्या जागी अडकतात आणि तिथे चांदीचे काही अणू जमतात. डोळ्यांना काही दिसत नाही. हीच सुप्त प्रतिमा. डेव्हलपरमध्ये टाकल्यावर ज्या स्फटिकांवर असा ठिपका बसलाय तेवढेच पूर्ण चांदीचे होऊन काळे पडतात, बाकीचे हायपोमध्ये (न वापरलेले स्फटिक काढून टाकणाऱ्या द्रावणात) विरघळून जातात. मागे उरते ती पारदर्शक जिलेटिनमध्ये टांगलेली काळ्या दाण्यांची माळ. कण ज्या वाटेने गेला तीच ती वाट. आम्ही तिला माग म्हणायचो.

कण सावकाश जात असेल तर प्रत्येक अणूजवळ जास्त वेळ रेंगाळतो, जास्त इलेक्ट्रॉन उपटतो, म्हणून दाणे एकमेकांना चिकटून काळी जाड रेघ होते. प्रकाशाच्या वेगाजवळ जाणाऱ्या एकपट भाराच्या कणाच्या मागात चांगल्या इमल्शनमध्ये १०० मायक्रॉनला २०-२५ दाणे मिळतात, तेही विखुरलेले. असला विरळ माग पार्श्वभूमीच्या फुटकळ दाण्यांतून वेगळा काढणं ही खरी नजरेची परीक्षा. आणि इमल्शनने तो मुळात टिपावा यासाठी कारखान्यांना १९४८ उजाडावं लागलं. कोडॅकचं एनटी-४ आणि इल्फर्डचं जी-५ ही पहिली इमल्शनं, ज्यांत वेगवान इलेक्ट्रॉनसुद्धा दिसू लागला.

त्याआधीची माणसं तुलनेने आंधळ्या प्लेटांवर काम करत होती, हे लक्षात ठेवलं की त्यांच्याबद्दलचा आदर दुणावतो. व्हिएन्नाच्या रेडियम इन्स्टिट्यूटमधल्या मारिएटा ब्लाऊ आणि हेर्टा वाम्बाखर यांनी इन्सब्रुकजवळच्या हाफेलेकार शिखरावर, सुमारे २,३०० मीटर उंचीवर, प्लेटा काही महिने ठेवल्या. १९३७ मध्ये त्या प्लेटांत त्यांना एका बिंदूतून चहूकडे फुटलेले माग दिसले. विश्वकिरणाने एक आख्खं अणुकेंद्र फोडलं होतं. या आकृतीला तेव्हापासून 'तारा' म्हणतात. पुढच्याच वर्षी नाझींनी ऑस्ट्रिया गिळला आणि ज्यू असलेल्या ब्लाऊंना देश सोडावा लागला. आइनस्टाइन यांच्या खटपटीने मेक्सिकोत नोकरी मिळाली, पण तिथे तसली प्रयोगशाळा नव्हती. या पद्धतीचा पाया घालणाऱ्या बाईला नोबेल मिळालं नाही, याची खंत मला आजही आहे.

आपल्याकडची गोष्टही इथेच सांगते, कारण ती मराठी मुलांना कुणी सांगत नाही. मुंबईत चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे एच. जे. टेलर यांनी केंब्रिजमध्ये मॉरिस गोल्डहाबर यांच्याबरोबर १९३५ मध्ये बोरॉन घातलेल्या इमल्शनमध्ये न्यूट्रॉनने फुटणारं अणुकेंद्र टिपलं होतं. १९३६ मध्ये टेलर आणि व्ही. डी. दाभोळकर यांचा इमल्शनमधल्या आल्फा कणांच्या (हेलियमच्या अणुकेंद्रांच्या) पल्ल्यांवरचा, म्हणजे थांबेपर्यंत ते किती अंतर जातात यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये देवेंद्र मोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंग, संदकफू आणि तिबेटातलं फारी जोंग अशा चढत्या उंचीवर प्लेटा ठेवल्या आणि मागांच्या वळवळीवरून आणि दाण्यांच्या दाटीवरून इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट वस्तुमानाचा कण असल्याचं १९४१-४२ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. युद्धामुळे त्यांना जास्त संवेदनशील प्लेटा मिळाल्या नाहीत. हाती होत्या त्या हाफटोन (कमी संवेदनशील) प्लेटांवर त्यांनी जे काढलं, ते त्यांच्या जागी बसून पाहिल्याशिवाय किती कठीण आहे ते कळायचं नाही.

आता १९४७. ब्रिस्टलमध्ये सेसिल पॉवेल, ज्युसेप्पे ओक्यालिनी, सीझर लात्तेस आणि ह्यू मुइरहेड यांचा गट. पिरेनीज पर्वतातल्या पिक द्यु मिदीवर, सुमारे २,८०० मीटरवर ठेवलेल्या प्लेटांपैकी एकीत मारिएटा कुर्ट्झ या स्कॅनर बाईंना एक माग थांबलेला आणि त्याच्या टोकातून दुसरा सुरू झालेला दिसला. असे आणखी माग हवेत म्हणून लात्तेस बोलिव्हियातल्या चाकाल्तायाला, ५,००० मीटरच्याही वर प्लेटा घेऊन गेले आणि तिथून असे बरेच माग मिळाले. गंमत पाहा, दुसऱ्या मागाची लांबी दर वेळी तीच, सुमारे ६०० मायक्रॉन. या एका आकड्यात सगळं दडलंय. थांबलेल्या कणाचे दोनच तुकडे होत असतील, तर ऊर्जेची वाटणी दर वेळी ठरलेलीच होते, म्हणून दिसणाऱ्या तुकड्याचा पल्लाही ठरलेला. न दिसणारे दोन तुकडे असते, तर पल्ला कधी छोटा, कधी मोठा आला असता. म्हणजे पहिला कण, पायॉन, थांबतो आणि त्यातून दुसरा, म्यूऑन, आणि विद्युत्भार नसलेला एकच हलका कण निघतो. पॉवेल यांना १९५० चं नोबेल या पद्धतीसाठी आणि मेसॉनच्या (अशा कणांना तेव्हा हे नाव होतं) शोधांसाठी मिळालं. त्या गटाची एक रीत मला फार आवडते. प्रसिद्ध केलेल्या चित्राखाली ती घटना शोधणाऱ्या स्कॅनरचं नाव छापलेलं असे. ही रीत सगळीकडे पाळली गेली असती तर बरं झालं असतं.

मी स्वतः हा माग पहिल्यांदा पाहिला तो एका जुन्या जी-५ प्लेटमध्ये. शंभरपट ऑब्जेक्टिव्ह, मध्ये सीडर तेलाचा थेंब, एकूण विशालन हजाराच्या वर. इतक्या विशालनाला फोकसची खोली जेमतेम मायक्रॉनभर असते, त्यामुळे अख्खा माग एकदम कधीच दिसत नाही. डावा हात बारीक फोकसच्या चाकावर, उजवा हात टेबल सरकवायला. फोकस खाली नेत जाता, तसे काळे ठिपके एकेक करून उगवतात आणि मावळतात. पायॉन आधी नीट सरळ येतो. मग दाणे दाट होऊ लागतात, रेघ जाडजूड होते आणि थरथरल्यासारखी वळते, कारण वेग कमी झालेल्या कणाला वाटेतलं प्रत्येक अणुकेंद्र ढकलत असतं. मग तो थांबतो. टोकाशीच, वेगळ्या दिशेने, नवी रेघ निघते, सुरुवातीला जरा विरळ. तीन-चार दृश्यक्षेत्रं सरकवत ६०० मायक्रॉन गेलं की तीही जाडजूड होऊन संपते. आणि तिच्या टोकातून, नुसत्या सुट्या ठिपक्यांची, एक इलेक्ट्रॉनची माळ निघून प्लेटबाहेर जाते. पायॉन, म्यूऑन, इलेक्ट्रॉन. तीन पिढ्या एका मिलिमीटरच्या आत. मी त्या दिवशी जेवायची सुट्टी विसरले.

तारा वाचायचा कसा, ते आता पाहू. मध्यबिंदूवर फोकस ठेवायचा आणि घड्याळाच्या दिशेने एकेक माग मोजायचा. वर जाणारे वेगळे, खाली जाणारे वेगळे. काळे माग म्हणजे फुटलेल्या अणुकेंद्रातून उकळल्यासारखे बाहेर पडलेले सावकाश प्रोटॉन आणि आल्फा. करडे माग म्हणजे त्याहून वेगवान, बहुधा टकरीत सरळ धक्का बसलेले प्रोटॉन. आणि विरळ माग म्हणजे प्रकाशवेगाच्या ०.७ पटीपेक्षा जास्त वेगाचे कण, ज्यांत बहुतेक टकरीतच जन्मलेले पायॉन. काळे आणि करडे मिळून एक आकडा, विरळ दुसरा आकडा, पुढे आदळणाऱ्या कणाचं अक्षर. वहीत '१४+९ पी' लिहिलं, की जाणकाराला चित्र दिसतं: प्रोटॉन आला, १४ जड, म्हणजे काळे-करडे, माग फुटले, ९ वेगवान कण निघाले. १४ जड मागांवरून आणखी एक गोष्ट कळते. ऑक्सिजनमध्ये प्रोटॉनच ८. तेव्हा ८ पेक्षा जास्त जड माग असतील तर टक्कर चांदीवर किंवा ब्रोमिनवर झाली असं धरता येतं. ८ किंवा कमी असतील तर मात्र निश्चित सांगता येत नाही, कारण चांदीच्या कडेला ओझरता धक्का बसला तरी थोडेच माग फुटतात. नवीन मुलं इथे नेमकी घाई करतात.

टकरीची ऊर्जा काढायची एक साधी आणि सुंदर युक्ती आहे. ऊर्जा जितकी जास्त, तितका वेगवान कणांचा फवारा पुढच्या दिशेला चिंचोळा होतो. अर्धे विरळ माग ज्या कोनाच्या आत येतात तो कोन मोजा. समजा तो ६ अंश आला. त्याच्या टॅनचा व्यस्त सुमारे ९.५. वस्तुमानकेंद्र चौकटीचा हा लॉरेंट्झ गुणक, म्हणजे ती चौकट प्रकाशवेगाच्या किती जवळ धावते ते सांगणारा आकडा. त्याचा वर्ग करून दुप्पट करा, एक वजा करा, १८० च्या जवळ येतं. त्याला प्रोटॉनच्या वस्तुमान-ऊर्जेने गुणलं की सुमारे १७० जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट). कोनमापक आणि त्रिकोणमितीच्या कोष्टकावर अवकाशातून आलेल्या प्रोटॉनची ऊर्जा निघते. एका घटनेसाठी हा आकडा सहज दुपटीने चुकू शकतो, कारण फवारा दोन्ही बाजूंना सारखा फुटतो असं आपण गृहीत धरलंय आणि विद्युत्भार नसलेले कण दिसतच नाहीत. पुष्कळ घटनांची सरासरी घेतली तर भरवसा ठेवता येतो. कमी ऊर्जेच्या एकट्या मागासाठी दुसरी रीत: दर १०० मायक्रॉनला तो सरळ रेषेपासून किती ढळतो ते मोजत जायचं. जितका कमी ढळेल तितका त्याचा संवेग जास्त. याला टेबल दगडासारखं स्थिर लागतं. शेजारच्या खोलीत कुणी कपाट सरकवलं तरी मोजमाप बिघडतं.

विश्वकिरणांत प्रोटॉनखेरीज जड अणुकेंद्रंही येतात, लोखंडापर्यंतची. १९४८ मध्ये अमेरिकेत फुग्यांतून उंच नेलेल्या प्लेटांत आणि मेघपेटीत (वाफेत कणांचे माग दाखवणाऱ्या उपकरणात) ती दिसली. प्लेटांतला त्यांचा माग म्हणजे केसाळ सुरवंट: मधे जाड काळा दंड आणि दोन्ही बाजूंना उडालेल्या इलेक्ट्रॉनचे बारीक केस. ठरावीक लांबीतले केस मोजले की भार कळतो, कारण ते भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. त्या शोधातले एक बर्नार्ड पीटर्स नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. ती संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. देवेंद्र लाल, यश पाल ही पुढे मोठी झालेली माणसं तिथल्याच इमल्शनच्या कामातून घडली, आणि ब्रिस्टलला पॉवेल यांच्याकडे काम केलेले एम. जी. के. मेनन १९५५ मध्ये तिथे रुजू झाले. भारतातून, विशेषतः हैदराबादहून फुगे सोडण्यामागे एक भौतिक कारणही होतं. विषुववृत्ताजवळ पृथ्वीचं चुंबकक्षेत्र कमी ऊर्जेचे कण परतवून लावतं. फक्त जास्त ऊर्जेचेच आत येतात. निसर्गाने फुकट दिलेली गाळणीच ती.

फुग्याच्या कामात एक पेच असतो. इमल्शनला वेळ कळत नाही. ओतल्या दिवसापासून डेव्हलपरमध्ये जाईपर्यंत जे काही त्यातून जाईल ते सगळं त्यात साठत राहतं. जहाजातले आठवडे, गोदामातले दिवस, ट्रकचा प्रवास, सगळ्यांचे माग. मग ३० किलोमीटर उंचीवरच्या काही तासांतले कोणते, ते ओळखायचं कसं? अशा कामासाठी काचेवरून सोडवलेले इमल्शनचे ताव एकावर एक रचून गठ्ठा बांधतात. हा गठ्ठा उड्डाणाच्या अगदी आधी रचला, की आधी साठलेला माग एका तावात असतो, पण शेजारच्या तावात त्याचा पुढचा तुकडा जुळत नाही. उड्डाणातला माग मात्र तावातून तावात सलग जातो. दुसरी रीत म्हणजे उंचीवर पोचल्यावर एक थर यंत्राने किंचित सरकवायचा. प्रत्येक तावावर मिलिमीटरची जाळी आणि आकडे छापलेले असतात, म्हणून एका तावातून बाहेर पडलेला माग दुसऱ्यात नेमका कुठे शिरला ते सापडतं. एका मागाच्या पाठी वीस-वीस ताव उलटत दिवस घालवलेले मला आठवतात. डोळ्यांत तेल घालून काम करणं म्हणजे काय, ते या खोलीत कळतं.

फुगे वाऱ्याबरोबर वाहत जातात. हैदराबादहून सुटलेलं उपकरण महाराष्ट्र-कर्नाटकाच्या बाजूच्या शेतातही उतरू शकतं. असं काही सापडलं तर खोका उघडू नका, कळवा. इमल्शनचा गठ्ठा उन्हात उघडला तर क्षणात सगळं संपतं.

धुण्याबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही, कारण अर्ध्याहून जास्त प्रयोग डार्करूममध्ये फसतात. थर ६०० मायक्रॉनचा. डेव्हलपर वरून शिरतो. तो तळाशी पोचेपर्यंत वरचे दाणे गरजेपेक्षा जास्त काळे झालेले असतात. १९४८ मध्ये डिलवर्थ, ओक्यालिनी आणि पेन यांनी यावर तोड काढली ती तापमानाची. प्लेट आधी थंड पाण्यात, मग ५ अंशांच्या आसपासच्या थंड अमिडॉल डेव्हलपरमध्ये भिजत ठेवायची. थंडीत तो आत झिरपतो पण काम करत नाही. सगळीकडे सारखा भिनला की प्लेट बाहेर काढून उबवायची, मग वरपासून तळापर्यंत एकदम डेव्हलप होते. लगेच थंड आम्लाच्या पाण्यात घालून क्रिया थांबवायची. मग हायपो, आणि हायपोमध्ये दिवसच्या दिवस. थर स्वच्छ होईपर्यंत वाट पाहायची. नंतर हायपो एकदम काढून पाणी घालायचं नाही. थेंबाथेंबाने पातळ करत न्यायचं.

हे 'थेंबाथेंबाने' मी एकदा शिकले, ते कायमचं. मे महिना होता, वीज गेली, थंड पाण्याचा पंप बंद पडला. मी नवीन होते आणि बाराच्या बारा प्लेटा वाचवायच्या म्हणून मी टाकीत घाईने नळाचं पाणी सोडलं. ते पाणी टाकीतल्या द्रावणापेक्षा कितीतरी गरम होतं. जिलेटिन फुगलं, त्याला फोड आले, दोन प्लेटांवरचा थर काचेवरून साईसारखा सरकला. उरलेल्या दहा दिसायला ठीक होत्या, पण त्यातले माग इंग्रजी 'सी'च्या आकारात वाकले होते. सरळ गेलेला कण वाकडा दिसू लागला की वळवळीच्या मोजमापाला अर्थ राहत नाही. त्या प्लेटांसाठी कुणीतरी डोंगरावर महिने काढले होते. माझ्या वरिष्ठ स्कॅनर ताई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त त्या दोन प्लेटा माझ्या टेबलाच्या खणात ठेवायला दिल्या. त्या अजून माझ्याकडे आहेत.

आणखी एक मुंबईकरांना उपयोगी बाब. सिल्व्हर ब्रोमाइड धुऊन गेलं की थर आकसतो, जवळजवळ अडीचपट पातळ होतो. म्हणून खोलीचं प्रत्येक माप त्या गुणकाने वाढवावं लागतं, नाहीतर उभे कोन सगळे चुकतात. आणि जिलेटिन हवेतली ओल पितं. जुलैत मोजलेली जाडी आणि जानेवारीत मोजलेली जाडी एक येत नाही. जाडी पॅकिंगच्या कागदावरून न घेता त्याच दिवशी, त्याच खोलीत, त्याच जागी मोजा. पावसाळ्यात आमची वातानुकूलन यंत्रं बंद पडली की आम्ही कोन मोजायचं थांबवून नुसतं शोधायचं काम करत असू.

फसवणाऱ्या गोष्टीही सांगते. इमल्शनमध्ये थोडं थोरियम मिसळलेलं असतंच. त्याच्या साखळीतले आल्फा एका बिंदूतून निघाले की छोटा तारा दिसतो आणि नवशिका आनंदतो. त्याचे सगळे माग ५० मायक्रॉनच्या आत संपतात आणि कुठलाही कण आत आलेला नसतो. वहीत लिहायचं नाही. याउलट एक आकृती जपून लिहायची: ताऱ्यातून निघालेला जाड माग थांबतो आणि टोकाशी आडवी छोटी रेघ, हुबेहूब हातोडा. लिथियम-८ थांबला, बीटा क्षय होऊन, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर टाकून, बेरिलियम-८ झाला आणि तो लगेच दोन आल्फांत फुटून ते विरुद्ध दिशांना गेले. पहिला हातोडा सापडला की मुलं आजूबाजूच्यांना बोलावून दाखवतात. दाखवावाच.

शोधण्याची पद्धत काय, यावरही निकाल अवलंबून असतो. पूर्ण क्षेत्र चाळत गेलात तर मोठे तारे हमखास सापडतात, दोन-तीन मागांचे निसटतात. मग 'आमच्या टकरींत फार माग फुटतात' असा खोटा निष्कर्ष निघतो. म्हणून येणारा एक कण धरायचा आणि तो आदळेपर्यंत किंवा बाहेर जाईपर्यंत त्याच्या मागेच जायचं. प्रोटॉन सरासरी ३५ सेंटीमीटर इमल्शन ओलांडल्यावर आदळतो, त्यामुळे यात वेळ भरपूर जातो, पण मोजणी प्रामाणिक होते. मी विद्यार्थ्यांना दोन्ही करायला लावायचे आणि फरक काढायला सांगायचे.

हे सगळं आता जुनं झालं का? शोधायचं काम यंत्रांकडे गेलं, यात जपानचं नागोया विद्यापीठ सगळ्यांच्या पुढे. तिथे आता इमल्शनसुद्धा स्वतः बनवतात. कियु निउ यांच्या गटाला १९७१ मध्ये विश्वकिरणांच्या इमल्शन पेटीतच चार्म क्वार्क हा मूलकण असलेल्या कणाचा बहुधा पहिला माग दिसला होता, एक्सलरेटरवर (कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर) तो सापडण्याच्या तीन वर्षं आधी. इटलीत ग्रान सास्सोच्या डोंगराखाली ओपेरा प्रयोगात शिसं आणि इमल्शन यांच्या दीड लाखाच्या आसपास विटा रचल्या होत्या, टाऊ न्यूट्रिनो हा भार नसलेला, जवळजवळ कशालाच न धडकणारा कण टिपण्यासाठी. २०१७ मध्ये खुफूच्या पिरॅमिडमधली मोठी पोकळी विश्वकिरणांच्या म्यूऑननी दाखवली, त्यातही इमल्शनच्या फिल्मा होत्या. मायक्रॉनहून कमी अंतरावरचे दोन बिंदू तीन मितींत वेगळे दाखवायचे असतील, आणि तेही विजेच्या एका तारेशिवाय, तर आजही याच्या तोडीचं फार थोडं आहे.

आता तुमच्या कॉलेजचं. काळ्या-पांढऱ्या साध्या फिल्मवर विश्वकिरणांचे विरळ माग मिळणार नाहीत, त्यात वेळ घालवू नका. स्वतः प्लेटा धुण्याचा खटाटोपही लगेच नको. चंदीगड, जम्मू, अलिगढ अशा विद्यापीठांत इमल्शनचं काम वर्षानुवर्षं चाललं. तुमच्या प्राध्यापकांकरवी अशा एखाद्या विभागाला पत्र लिहा आणि धुतलेली, काम संपलेली एखादी प्लेट अभ्यासासाठी मागा. जीवशास्त्र विभागाचा मायक्रोस्कोप चालेल. ४० पट ऑब्जेक्टिव्हला काळे माग आणि तारे नीट दिसतात. आधी पंचवीस तारे शोधा आणि प्रत्येकाचे फक्त काळे माग मोजा. दोघांनी वेगवेगळे मोजा आणि मग ताळा करा. आकडे जुळेपर्यंत करड्या आणि विरळ मागांकडे वळू नका. जुळायला लागले की १०० पट तेलाच्या ऑब्जेक्टिव्हवर जा. ऑब्जेक्टिव्ह खाली आणताना डोळा बाजूला ठेवून टोकाकडे पाहत आणा, जुन्या थरावर एकदा घासलं की ते क्षेत्र गेलं. काम झाल्यावर तेल मऊ कापडाने, दाब न देता टिपून घ्या. आणि प्लेटच्या कोपऱ्यातला क्रमांक, जाळीवरचा आकडा आणि फोकसच्या चाकावरची खूण वहीत उतरल्याशिवाय प्लेट टेबलावरून उचलू नका. सापडलेला तारा दुसऱ्यांदा शोधायला आठवडा लागतो.